भ्रंश, नकार आणि वर्गणी : प्रौढांसाठीच्या संगणकीय खेळांतील एक नैतिक प्रश्न

१

पात्राचा नैतिक भ्रंश हा कथनात्म साहित्याचा पुरातन विषय आहे. सज्जन माणूस कसा ढळतो, कोणत्या क्षणी तो स्वतःशी खोटे बोलू लागतो आणि त्या खोट्याची त्याला केव्हा सवय जडते, या प्रश्नांभोवती महाकाव्यापासून कादंबरीपर्यंत असंख्य कृती उभ्या राहिल्या आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयाला मराठी समीक्षेच्या कक्षेत फारसे न आलेले एक नवे घर मिळाले आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, एकट्याने किंवा दोन-चार जणांच्या गटाने रचलेले, केवळ प्रौढांसाठीचे संगणकीय खेळ हे ते घर होय. या खेळांमध्ये 'करप्शन' याच नावाने ओळखला जाणारा एक प्रकार रूढ आहे. संयमी, संकोची किंवा तत्त्वनिष्ठ म्हणून ओळख करून दिलेले एक प्रौढ पात्र, बहुधा स्त्री, टप्प्याटप्प्याने आपले निर्बंध सोडत जाते आणि हे टप्पे घडवून आणणे हेच खेळणाऱ्याचे काम असते.

या प्रकाराकडे केवळ अश्लीलतेच्या अंगाने पाहिले तर त्यातील खरा पेच निसटतो. कामुक चित्रण ग्राह्य की त्याज्य, हा वाद येथे बाजूस ठेवता येतो. तो अन्यत्र पुरेसा झाला आहे. अधिक अवघड प्रश्न असा, की ज्या पात्राचा भ्रंश व्हावा म्हणून कित्येक माणसे दरमहा पैसे देत आहेत, त्या पात्राचा भ्रंश हा भ्रंश राहतो काय? राहत नसेल, तर पात्राविषयी आणि आश्रयदात्यांविषयी रचनाकाराचे कर्तव्य कोणत्या स्वरूपाचे ठरते? हे दोन प्रश्न वरवर पाहता भिन्न क्षेत्रांतले वाटतात. पहिला पात्ररचनेचा आणि दुसरा व्यवहाराचा. परंतु या कृतींच्या बाबतीत ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

२

त्याचे कारण निर्मितिव्यवस्थेत आहे. २००४ मध्ये आलेले 'रेनपाय' आणि २००९ मध्ये आलेले 'ट्वाइन' या विनामूल्य साधनांमुळे चित्रे, संवाद आणि पर्याय यांची गुंफण करून कथा रचणे एकट्या माणसाच्या आवाक्यात आले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'पेट्रिऑन' या सेवेने अशा रचनाकाराला मासिक वर्गणी गोळा करण्याचा मार्ग दिला. २०१८ च्या सप्टेंबरात 'स्टीम' या मोठ्या विक्रीस्थळावर लैंगिक चित्रणाची काटछाट न केलेल्या खेळांना प्रवेश मिळाला. तरीही अनेकांचा आधार वर्गणी हाच राहिला. खेळ अपूर्ण अवस्थेतच आवृत्त्या-आवृत्त्यांनी प्रसिद्ध होतो. अधिक वर्गणी देणाऱ्यास नवी आवृत्ती आधी मिळते आणि पुढे कोणत्या पात्राची कथा सरकवावी यावर पुष्कळदा वर्गणीदारांचे मतदान घेतले जाते.

क्रमशः प्रसिद्धी ही काही नवी गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकातील कादंबरी मोठ्या प्रमाणावर तशीच वाचली गेली आणि १८४०-४१ मध्ये 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' प्रसिद्ध होत असताना नेलला मारू नये अशी विनवणी वाचकांनी डिकन्सला केली. मात्र एक भेद मूलगामी आहे. अंक विकत घेणारा वाचक लिहून झालेल्या मजकुराची किंमत मोजत असे. वर्गणीदार अद्याप न लिहिलेल्या मजकुराची मोजतो. हान्स रॉबर्ट याउस याच्या स्वागत-सिद्धान्तातील 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना येथे कामाची ठरते, पण तिला मुरड घालूनच. याउसच्या दृष्टीने कृती वाचकाच्या क्षितिजाला भिडते, ते सांभाळते किंवा मोडते आणि त्या अंतरातून तिचे मोल जाणवते. वर्गणीवर चालणाऱ्या कृतीत क्षितिज कृतीच्या आधी येते, एवढेच नव्हे, तर ते कृतीचा खर्च भागवते. ते मोडणे म्हणजे पुढील महिन्याच्या उत्पन्नावर आघात करणे होय.

३

या दबावाची खूण पात्राच्या घडणीतच उमटते. करप्शन प्रकारातील पात्राच्या अंगी बहुधा एक निर्देशांक असतो. खेळणाऱ्याच्या कृतींनी तो वाढतो, ठरावीक आकड्याला पोहोचला की नवा प्रसंग खुला होतो. नीतीचे असे अंकन संगणकीय खेळांना नवे नाही. १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये आठ सद्गुणांचा हिशेब होता, २००३ च्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' मध्ये प्रकाश आणि अंधार यांमधली पट्टी होती. पण तेथे हिशेब खेळणाऱ्याच्या स्वतःच्या आचरणाचा होता. येथे तो दुसऱ्याच्या प्रतिकाराचा असतो आणि प्रतिकार जितका कमी तितकी खेळणाऱ्याची प्रगती अधिक.

अशा रचनेत नकाराचा अर्थच बदलून जातो. पात्र 'नाही' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ 'अजून नाही' एवढाच असतो. कुलूप आणि किल्ली यांच्या नात्यात कुलपाला मत नसते. चुकीच्या किल्लीने ते उघडले नाही म्हणून कोणी त्याच्या निग्रहाचे कौतुक करीत नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात संयमच्युती आणि दुर्गुण यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. संयमच्युत मनुष्य योग्य काय ते जाणतो आणि तरी ढळतो. दुर्गुणी मनुष्याचे तत्त्वच बिघडलेले असते. भ्रंशाची कथा म्हणजे पहिल्या अवस्थेतून दुसरीकडे होणारा प्रवास. त्यात दुभंग असतो, सबबी असतात, मागे फिरण्याचे अर्धवट प्रयत्न असतात. निर्देशांकाला हे काहीच ठाऊक नसते. तो केवळ बेरीज जाणतो आणि बेरजेत पश्चात्तापाला जागा नसते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो स्त्रीवादी समीक्षेच्या दिशेने येणे स्वाभाविक आहे. एखाद्या स्त्रीपात्राने लादलेला संकोच टाकून आपली इच्छा ओळखली, तर त्यास भ्रंश का म्हणावे? ते मुक्तीचेच कथन नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. त्याचे उत्तर पात्र कशापासून ढळते यावर अवलंबून आहे. ते दुसऱ्यांनी घातलेल्या बंधनापासून दूर गेले तर त्यास मुक्ती म्हणता येईल; स्वतः स्वीकारलेल्या तत्त्वापासून दूर गेले तर भ्रंश. परंतु करप्शन प्रकाराला हा निवाडा टाळावयाचा असतो, कारण त्याला दोन्ही सुखे हवी असतात. लज्जा गळून पडावी आणि तरीही ती मौल्यवान राहावी, म्हणजे तिच्या नाशाला गोडी येईल. ज्या पितृसत्ताक मापाने स्त्रीची किंमत तिच्या अस्पर्शितपणावर ठरते, तेच माप बंडखोरीचा आव आणून येथे शाबूत ठेवलेले असते.

४

या पेचाचे सर्वांत स्पष्ट पूर्वरूप अठराव्या शतकात सापडते. सॅम्युअल रिचर्डसनची 'क्लॅरिसा' ही पत्ररूप कादंबरी डिसेंबर १७४७ ते डिसेंबर १७४८ या काळात तीन हप्त्यांत प्रसिद्ध झाली. लव्हलेस हा सरदारकुळातील चतुर पुरुष क्लॅरिसाला घरापासून तोडतो आणि तिची परीक्षा मांडतो. स्त्रीचा सद्गुण म्हणजे पुरेशा कौशल्याने टाकलेल्या पायऱ्यांपुढे टिकू न शकणारी सवय होय, हे त्याचे गृहीतक. तो सापळे रचतो, सोंगे उभी करतो, प्रत्येक डावाची नोंद मित्राला लिहिलेल्या पत्रांत करतो. आजच्या शब्दांत सांगावयाचे तर तो करप्शन-खेळाचा रचनाकारही आहे आणि खेळणाराही. त्याचे सर्व डाव फसतात तेव्हा तो तिला गुंगीचे औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो आणि नेमके तेथेच त्याचे गृहीतक कोसळते. क्लॅरिसावर अत्याचार झाला, पण तिचा भ्रंश झाला नाही. तिची संमती कधीच मिळाली नाही आणि पुढे विवाहाचा प्रस्ताव येतो तेव्हाही ती तो नाकारते. भ्रंशासाठी इच्छेचे वळणे आवश्यक असते, इच्छेला वगळून जे घडविले जाते ते केवळ हिंसा असते, हा विवेक रिचर्डसनने या प्रसंगातून निर्विवादपणे उभा केला. ज्या खेळांत ब्लॅकमेल, औषध किंवा संमोहन यांच्या साह्याने निर्देशांक वाढविला जातो, ते भ्रंशाचे नाव सांगतात आणि बळजबरीचे चित्रण करतात, असेच यावरून म्हणावे लागते.

'क्लॅरिसा'च्या वाचकांची वागणूकही तितकीच बोधप्रद आहे. चार खंड हाती आल्यानंतर लेडी ब्रॅडशेग या वाचक स्त्रीने टोपणनावाने रिचर्डसनशी पत्रव्यवहार सुरू केला आणि शेवट सुखाचा करण्याची कळकळीची विनंती केली. लव्हलेस सुधारावा, क्लॅरिसाने त्याच्याशी विवाह करावा, असे तिला आणि इतर अनेकांना वाटत होते. रिचर्डसनने शेवट बदलला नाही. मात्र वाचकांना लव्हलेस आवडू लागल्याचे पाहून १७४९ व १७५१ च्या आवृत्त्यांत त्याने भर घातली आणि लव्हलेसचे दुष्टत्व अधिक गडद केले.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष अनपेक्षित आहे. लेडी ब्रॅडशेगची इच्छा सद्भावनेची होती आणि करप्शन प्रकाराच्या वर्गणीदाराची इच्छा तिच्या नेमकी उलट आहे. तिला क्लॅरिसा वाचवावयाची होती, त्याला तिच्यासारखीस पाडावयाचे आहे. पण रचनेच्या दृष्टीने दोघांची मागणी एकच आहे. दोघांनाही क्लॅरिसाचा नकार मान्य नाही. सुखान्त विवाहासाठी तिला तो तितकाच सोडावा लागला असता. म्हणजे नैतिक प्रश्न शेवट शुभ की अशुभ, हा नसून पात्राचा नकार कथेत जिवंत राहतो की नाही, हा आहे. रिचर्डसनला ठाम राहता आले यामागे त्याचा विवेक होता हे खरेच. पण तो लंडनमधील प्रस्थापित मुद्रक होता, आपले पुस्तक स्वतः छापत होता आणि त्याचे अन्न लेडी ब्रॅडशेगच्या मासिक देणगीवर अवलंबून नव्हते, हेही विसरता येत नाही.

५

यावर असे म्हटले जाईल, की शेवट आधीच ठाऊक असणे हे भ्रंशकथेला मारक नाही. अथेन्सच्या प्रेक्षकाला ईडिपसचा शेवट ठाऊक होता, मग प्रकाराचा संकेत जाणणाऱ्या वर्गणीदारास दोष का द्यावा? परंतु शेवट ठाऊक असणे आणि तो विकत घेतलेला असणे या भिन्न अवस्था आहेत. अथेन्सच्या प्रेक्षकाला घडणार ते माहीत होते; ते घडावे म्हणून त्याने कवीशी करार केला नव्हता. त्याच्या ज्ञानामुळे ईडिपसच्या प्रत्येक पावलाला भीषणता आली, कारण ते पाऊल ईडिपसचेच होते. वर्गणीदाराच्या बाबतीत पाऊल पात्राचे नसते. ते देय असते.

भारतीय काव्यशास्त्राने हाच भेद आस्वादाच्या बाजूने केला आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे हे एक विघ्न आहे. रंगमंचावरील रती ही माझी नाही, शत्रूची नाही, त्रयस्थाचीही नाही अशा साधारणीकृत रूपात भोगली जाते तेव्हाच तिचा शृंगार होतो. या कसोटीवर कामुक विषय मुळीच बाद होत नाही. शृंगार हा रसांत अग्रगण्य मानला गेला आहे. बाद होते ती मालकी. 'माझ्या वर्गणीतून हे पात्र घडते आहे, म्हणून त्याने माझ्यासाठी अमुक करावे' ही जाणीव साधारणीकरणाच्या थेट विरुद्ध दिशेने जाते. तेथे सहृदय उरत नाही, धनको उरतो.

दुसरा आक्षेप अधिक साधा आहे. पात्र काल्पनिक आहे, त्याला इजा होत नाही, मग त्याच्याविषयी कर्तव्य कसले? अक्षरांच्या आणि चित्रांच्या पात्राला वेदना नसते, हे मान्यच आहे. पण पात्राची इच्छा ही त्या पात्राची खाजगी मालमत्ता नसून कृतीच्या अर्थाची अट आहे. ती काढून घेतली की इजा कृतीला होते. भ्रंश दाखविण्याचे अभिवचन देऊन रचनाकार केवळ अडथळ्यांची यादी पुरवितो. वर्गणीदार ज्यासाठी आला तेच त्याला मिळत नाही, कारण ढळण्याचे दृश्य ढळणारे कोणी असल्याखेरीज संभवत नाही. किर्केगार्दच्या १८४३ मधील 'प्रलोभकाची दैनंदिनी' या भागातील योहानेस हे ओळखून आहे. कॉर्डेलियाने वाङ्निश्चय स्वतः होऊन मोडावा, अशी तजवीज तो करतो. तिचे स्वातंत्र्य हा त्याच्या सुखाचाच एक घटक आहे, आणि हेतू साधताच त्याला तिच्यात रस उरत नाही.

६

योहानेसचा हा विटाळ वर्गणीच्या अर्थकारणात दरमहा प्रत्ययास येतो. पात्र पूर्णपणे ढळले की कथा संपते आणि कथा संपली की वर्गणी थांबते. त्यामुळे रचनाकारावर दोन परस्परविरोधी ताण येतात. वर्गणीदार पुढचा टप्पा मागतात आणि निर्वाह मात्र शेवटचा टप्पा न येण्यावर अवलंबून असतो. यातून या प्रकाराचे एक विलक्षण लक्षण जन्मास येते. पात्र वर्षानुवर्षे उंबरठ्यावरच उभे राहते. नव्या उपकथा निघतात, नवी पात्रे येतात, जुनी चित्रे पुन्हा काढली जातात. वाचकाला पात्राचा जो संयम दिसतो तो पुष्कळदा त्याचा नसून हिशेबवहीचा असतो. ते टिकून आहे ते निग्रहामुळे नव्हे. महिना अजून संपलेला नाही म्हणून.

वर्गणीदारांना हे कळत नाही असे नाही. दिरंगाई हेतुपुरस्सर आहे, रचनाकार दुभती गाय पिळतो आहे, हा आरोप या क्षेत्रात सर्रास होतो. रचनाकाराच्या बाजूनेही सत्य आहे. एका माणसाने शेकडो चित्रे आणि प्रत्येक पर्यायाचे परिणाम सांभाळणे हे कष्टाचे काम आहे. आजारपण, थकवा आणि चुकलेला अंदाज यांनाही जागा द्यावीच लागते. पण दोन्ही पक्षांचा वाद ज्या भाषेत चालतो ती भाषा लक्षणीय आहे. वाद असतो किती मजकूर आला आणि केव्हा आला याचा. आलेल्या प्रसंगात पात्र स्वतःच्या पायांवर उभे होते काय, हा प्रश्न त्यात बसत नाही. निर्देशांकाने पात्राचे जे केले, तेच वर्गणीने त्या दोघांच्या नात्याचे केले. दोन्हीकडे उरला आहे आकडा.

या नात्यात अलीकडे तिसरा पक्ष उतरला आहे. जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील 'कलेक्टिव्ह शाउट' या संघटनेच्या मोहिमेनंतर पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली 'स्टीम'ने काही प्रौढ खेळ हटविले आणि 'इच डॉट आयओ'ने प्रौढांसाठीच्या कृती आपल्या शोधयादीतून सरसकट वगळल्या. त्यांपैकी विनामूल्य कृती काही दिवसांनी पुन्हा दिसू लागल्या. या घटनेचा अर्थ सरळ आहे. बंदी विषयांची यादी करते आणि अखेर पैसा कोठून कोठे जातो यावर नजर ठेवते. बळजबरीला भ्रंशाचे नाव देणारी कृती कोणती आणि इच्छेचे वळण प्रामाणिकपणे दाखविणारी कोणती, हे तिला ओळखता येत नाही. ते काम समीक्षेचे आहे. समीक्षेने विषय अस्पृश्य मानून पाठ फिरविली, तर निवाडा कार्ड कंपन्यांच्या हाती जातो.

७

मग रचनाकाराने काय करावे? वर्गणी घेऊच नये, असे सांगणे सोपे आणि निरर्थक आहे. आश्रय ही कलेची जुनी गरज आहे. प्रश्न आश्रयाच्या बदल्यात कोणते वचन दिले जाते याचा आहे. फलिताचे वचन आणि श्रमाचे वचन यांत फरक आहे. 'हे पात्र अमुक अवस्थेला पोहोचेल' हे पहिले. 'या पात्राची कथा प्रामाणिकपणे, सांगितलेल्या गतीने आणि शेवटापर्यंत रचली जाईल' हे दुसरे. पहिल्या वचनाने रचनाकार स्वतःची नसलेली वस्तू विकतो, कारण पात्राची इच्छा अगोदर ठरली की ती इच्छा राहत नाही. दुसरे वचन पाळता येते आणि मोडले तर त्याचा जाबही विचारता येतो. मतदानाचेही तसेच. कोणाची कथा आधी रचावी, यावर वर्गणीदारांचे मत घेणे न्याय्य आहे. त्या कथेत पात्राने काय ठरवावे, यावर घेणे नव्हे.

रचनेच्या अंगाने याचा अर्थ असा, की पात्राला खरा नकार असला पाहिजे. काही मार्ग असे हवेत, की खेळणाऱ्याने कितीही कौशल्य लावले तरी पात्र फिरून जाईल आणि ते फिरणे खेळणाऱ्याचे अपयश म्हणून नव्हे, कथेचा एक पूर्ण शेवट म्हणून लिहिले जाईल. निर्देशांकाला केवळ वाढणे ठाऊक नसावे; त्याला परतणेही ठाऊक असावे. आणि पाडणाऱ्याचाही हिशेब व्हावा. प्रौढांसाठीच्या खेळांबाहेरचे एक उदाहरण येथे उपयुक्त आहे. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून ५१ हजार डॉलरहून अधिक निधी मिळविलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'अंडरटेल' हा खेळ अखेरीस खेळणाऱ्याला सांगतो, की ज्या आकड्यांना तो अनुभव आणि प्रेम समजत होता ते त्याने केलेल्या हत्यांचे आणि क्रौर्याचे मोजमाप होते. सर्वांना मारण्याचा मार्ग शेवटास नेणाऱ्याच्या पुढच्या सुखान्तावरही त्याचा डाग राहतो. मोजपट्टी तीच; ती फक्त मोजणाऱ्याकडे वळविली गेली. वर्गणीदारांनी असा शेवट मागितला नव्हता, तरी तो मिळाल्याने ते फसले गेले नाहीत.

लव्हलेसचे आसन रिकामे करता येणार नाही. करप्शन प्रकारात खेळणारा त्यावरच बसतो. पण त्या आसनावरून दिसते काय, हे रचनाकाराच्या हाती आहे. समोर कुलूप असेल तर किल्ल्या मोजण्यापलीकडे काही उरत नाही. समोर माणूस असेल तर तो ढळेल किंवा ढळणार नाही, आणि ढळला तरी त्याचे ढळणे त्याचेच असेल. वर्गणीदाराला पात्राचे 'होय' हवे असते. त्या 'होय'ला अर्थ यावा म्हणून शक्य असलेल्या 'नाही'चा खर्चही आपल्याच वर्गणीतून भागतो, हे त्याने ओळखले पाहिजे.